शहरात अन्न पिकवायचं तर आधी वजन, ऊन आणि ओला कचरा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार मजली जुनी इमारत, सोळा कुटुंबं, माणसं साठेक. वर १२० चौरस मीटरची रिकामी गच्ची आणि मागच्या भिंतीलगत मोकळ्या जमिनीची पट्टी. तिथे भाजीपाला लावला तर सगळ्या घरांची गरज भागेल का, नाही भागली तर मग फायदा काय, आणि इतके लोक उत्साहाने सुरू करून वर्षभरात सोडून का देतात? गेली बावीस वर्षं मी शहरातल्या गच्च्या, शाळांची आवारं आणि पडीक भूखंड यांवर भाजीपाला पिकवतो आणि इतरांना शिकवतो. त्यात जे हाताला लागलं ते सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते सुरुवातीलाच कळलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटना माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात असं सांगते. म्हणजे माणशी वर्षाला १४६ किलो, साठ माणसांचे पावणेनऊ टन. तुमची गच्ची १२० चौरस मीटरची असली तरी पाण्याची टाकी, पाइप, जाण्यायेण्याची वाट आणि कठड्याजवळची जागा सोडली की प्रत्यक्ष वाफ्याखाली ४५ चौरस मीटर येतील. नीट सांभाळलेला, कधी रिकामा न राहणारा वाफा मला चौरस मीटरमागे वर्षाला ६ ते ८ किलो देतो. पहिल्या वर्षी त्याहून कमीच. सगळं जमून आलं तर ३०० किलोच्या आसपास, म्हणजे गरजेच्या तीन-चार टक्के. धान्याचा तर विचारच नको. गव्हाचं जगभरातलं सरासरी उत्पादन हेक्टरी साडेतीन टनांच्या घरात आहे, म्हणजे चौरस मीटरला ३५० ग्रॅम. वर्षाला १२० किलो धान्य खाणाऱ्या एका माणसासाठी तुमच्यासारख्या तीन गच्च्या लागतील.

हा हिशेब मी प्रत्येक गटाला पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांडून दाखवतो. कारण 'आता भाजी विकत आणायची गरज नाही' या अपेक्षेवर सुरू झालेली बाग दुसऱ्या हंगामात बंद पडलेली मी अनेकदा पाहिली आहे. मात्र हाच हिशेब उलट्या बाजूने केला की चित्र बदलतं. साठ माणसांच्या स्वयंपाकघरांतून रोज किती ओला कचरा निघतो? माणशी पाव किलो धरा. रोजचे १५ किलो, वर्षाचे साडेपाच टन. त्याचं कंपोस्ट केलं तर एक ते सव्वा टन खत मिळेल. तुमचे वाफे पहिल्यांदा भरायलाच त्याहून जास्त खत लागेल, आणि पुढे दरवर्षी त्यातलं निदान एक तृतीयांश तिथेच जिरेल. म्हणजे तुमची बाग इमारतीचं पोट तीन-चार टक्के भरेल, पण इमारतीतून बाहेर जाणाऱ्या ओल्या कचऱ्याचा मोठा वाटा पचवेल. शहरातल्या शेतीची खरी ताकद इथे आहे. शहराकडे जमीन नाही, ऊन कमी आहे, पाणी महाग आहे, पण खताचा कच्चा माल मात्र कोणत्याही शेतापेक्षा जास्त आहे.

हे नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शहराच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक षष्ठांश जागेवर भाजीपाल्याचे मळे होते आणि त्यांतून वर्षाला एक लाख टनांहून अधिक भाजी निघत असे. तिथल्या माळ्यांचं भांडवल म्हणजे घोड्यांची लीद. शहरातली बहुतेक वाहतूक घोड्यांवर चालायची, रोज गाड्या भरभरून लीद निघायची. ती कुजताना जी ऊब येते तिच्यावर काचेच्या झाकणाखाली ते ऐन थंडीत कोवळी सॅलडची पानं काढायचे. शहराची घाण आणि शहराचं अन्न एकाच साखळीत होतं. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, लीद संपली, जमिनीच्या किमती वाढल्या आणि मळे शहराबाहेर ढकलले गेले. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जमिनींवर हीच साखळी आजही दिसते. शहराच्या सांडपाण्यावर तिथल्या भेड्यांमध्ये, म्हणजे मासे पाळायच्या उथळ तळ्यांमध्ये, मासे वाढतात, भाजीपाला पिकतो आणि पाणीही साफ होतं. सुमारे १२,५०० हेक्टरच्या या परिसराला २००२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

म्हणून माझा आग्रह असतो की बागेची सुरुवात बियाण्यापासून करू नका, कंपोस्टपासून करा. ते जमलं तर बाकीचं जमतं.

कंपोस्टबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण शेजाऱ्यांची पहिली तक्रार इथूनच येते. वास येतो तो कचऱ्यामुळे नाही, हवा न मिळाल्यामुळे येतो. भाज्यांची देठं-सालं ओली आणि नत्राने भरलेली असतात. त्यांच्या जोडीला कोरडा, कर्बयुक्त माल लागतो: वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. आकारमानाने एक बादली ओल्याला दोन बादल्या सुकं, हे प्रमाण मी कधी मोडत नाही. पानगळीच्या दिवसांत सुकी पानं पोत्यांत भरून वर्षभराची बेगमी करून ठेवायची. ती संपली की त्या दिवसापासून वास सुरू होतो, हे अगदी ठरलेलं. ओल तपासायला यंत्र लागत नाही. ढिगाच्या आतला मूठभर माल घ्या आणि घट्ट पिळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर सुका पालापाचोळा मिसळा. मूठ उघडल्यावर माल भुसभुशीत सुटला तर पाणी शिंपडा.

निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग असेल तर तो आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. लोखंडी सळई आत खुपसून दोन मिनिटांनी बाहेर काढली तर हातात धरवत नाही. ५५ अंशांवर तीन दिवस राहिलेल्या भागातले बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर असा ढीग वरखाली करायचा तो यासाठीच. बाल्कनीतल्या छोट्या डब्याला ही उष्णता येत नाही, तिथलं खत जास्त दिवस मुरू द्यावं लागतं. खत तयार झाल्याची खूण म्हणजे त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो आणि त्यात टाकलेलं काही ओळखू येत नाही. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत घातलं तर ते कुजायचं काम तिथेच पूर्ण करतं, त्यासाठी मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. घाई केलेल्या बहुतेक बागा याच ठिकाणी अडखळतात.

आता वजन. इथे चूक झाली तर तिची किंमत खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मोजावी लागते, म्हणून यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. राहत्या इमारतींच्या वापरातल्या गच्च्या सहसा चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरून बांधलेल्या असतात, आणि त्यात माणसांचा वावरही आला. बागेतली साधी माती पाण्याने भरली की घनमीटरला १,६०० ते २,००० किलो होते. म्हणजे ३० सेंटीमीटर जाडीचा मातीचा थर चौरस मीटरला ५००-६०० किलोंनी बसतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गच्चीवर मी स्वतः ही चूक केली. चाळीस मोठे ड्रम शेतातल्या काळ्या मातीने भरले आणि दिसायला नीट म्हणून एका कडेला ओळीने मांडले. कोरडे असताना काही जाणवलं नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर चौथ्या दिवशी खालच्या घरातल्या ताईंनी मला आत बोलावून छताकडे बोट दाखवलं. पंख्याच्या हुकापासून कोपऱ्यापर्यंत केसाएवढी भेग आणि तिच्या दोन्ही बाजूंना ओल. ते सगळे ड्रम आम्ही दोन दिवसांत उतरवले. त्या घरात लहान बाळ होतं. ते छत आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक गटाकडून एक प्रयोग करून घेतो. दहा लिटरची बादली घ्या, तळाला भोकं पाडा, तुमचं मिश्रण भरा, वरून पाणी ओतत राहा आणि खालून निथळणं थांबलं की वजन करा. काळी माती असेल तर काटा सोळा-अठरा किलो दाखवेल. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मुरलेलं कंपोस्ट आणि थोडी माती असं हलकं मिश्रण आठ-नऊ किलोंत बसतं. बादलीचं ओलं वजन हाच खरा आकडा. २० सेंटीमीटर खोलीच्या वाफ्यात हलकं मिश्रण भरलं तर वाफ्याखाली चौरस मीटरला १६० ते १८० किलो येतात, म्हणजे तरीही मर्यादेच्या काठावर. म्हणून वाफे सलग पसरायचे नाहीत. जड कुंड्या तुळया, खांब आणि भारवाहक भिंतींच्या माथ्यावर ठेवायच्या, स्लॅबच्या मधोमध फक्त हलकी पालेभाजी. आणि तुमची इमारत जुनी आहे, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी पाहणी झाल्याशिवाय एकही पोतं वर नेऊ नका. सोबत वॉटरप्रूफिंगही तपासून घ्या. कुंड्या थेट फरशीवर न टेकवता विटांवर किंवा स्टँडवर चार बोटं उचललेल्या असाव्यात, म्हणजे खालून झाडता येतं, ओल साचत नाही आणि गळती झालीच तर जागा सापडते. मुळं खोल आणि आक्रमक वाढणारी झाडं गच्चीवर नकोतच.

मागच्या पट्टीला वजनाची अडचण नाही, तिथली अडचण डोळ्यांना दिसत नाही. जुन्या इमारतींच्या भिंतींलगतच्या मातीत शिसं असू शकतं. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. तो रंग खरवडला, पावसाने धुतला की भिंतीपासून मीटर-दोन मीटरच्या पट्ट्यात साचतो. रस्त्याकडेच्या मातीत शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला धूर उतरलेला असतो. हे पेट्रोल जगातून पूर्णपणे हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडलं. शिसं कुजत नाही, वाहून जात नाही, वरच्या थरात जसंच्या तसं राहतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये निवासी मातीतल्या शिशाची तपासणी पातळी, म्हणजे जिच्यावर गेल्यास पुढचा तपास करावा लागतो ती मर्यादा, किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली, यावरून या धोक्याकडे बघण्याची दृष्टी किती कडक होत चालली आहे ते कळावं.

माती तपासायला देताना पट्टीतल्या पाच-सहा ठिकाणांहून वरच्या १५ सेंटीमीटरचा थर घ्या, एकत्र करा आणि जड धातूंची चाचणी मुद्दाम सांगून मागा. नेहमीच्या माती परीक्षणात ती नसते. निकाल वाईट आला तरी घाबरून जाऊ नका. टोमॅटो, वांगी, शेंगा अशा फळांत शिसं फारसं चढत नाही. कंदमुळं आणि पालेभाज्यांना मात्र धोका जास्त, आणि त्यातही मोठा भाग मुळांतून शोषलेला नसून पानांवर-सालीवर चिकटलेल्या मातीचा असतो. सर्वांत जास्त धोका लहान मुलांना, कारण त्यांचे मातीचे हात तोंडात जातात. अशा जागी जमिनीवर जाड जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं) अंथरून त्यावर बाहेरून आणलेल्या स्वच्छ माती-कंपोस्टचे उंच वाफे करायचे, उरलेली उघडी जमीन आच्छादनाने झाकायची म्हणजे धूळ उडणार नाही. वाफ्यांच्या कडांसाठी जुने टायर, रेल्वेचे टाकाऊ स्लीपर किंवा हिरवट छटेचं जुनं रसायनयुक्त लाकूड वापरू नका. त्या लाकडात आर्सेनिक असू शकतं.

ऊन मोजायला महिना द्या. फळभाज्यांना दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. सकाळी सातपासून दर तासाला एकाच कोपऱ्यातून गच्चीचा फोटो काढा. शेजारच्या उंच इमारतीची सावली कशी सरकते ते दिवसाअखेर स्पष्ट दिसेल, आणि ऋतू बदलला की ती सावली वेगळीच पडेल हेही लक्षात ठेवा. गच्चीवर उन्हाइतकाच वाराही छळतो. उघड्या वाऱ्यात पानं पाणी झपाट्याने टाकतात, तापलेली फरशी खालून मुळं भाजते. कठड्याला लागून जाळी किंवा वेल चढवले तर फरक पडतो.

उन्हाळ्यात वाफ्याच्या चौरस मीटरला रोज चार ते सहा लिटर पाणी लागतं, तुमच्या ४५ चौरस मीटरना सव्वादोनशे लिटर. ठिबक आणि टायमर बसवा. हाताने पाणी घालण्यावर अवलंबून राहिलेली बाग एका लांब सुट्टीत संपते. पावसाचं पाणी साठवणार असाल तर १२० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की निदान ९०० लिटर हाताशी येतात, पण ते मोसमानंतर किती दिवस पुरेल याचा हिशेब करून टाकी घ्या, आणि भरलेल्या टाकीचं वजन वरच्या वजनाच्या हिशेबात धरा. टाकीला घट्ट झाकण हवं. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा न चुकता ओतून कोरड्या करा. डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत यायला सात ते दहा दिवस पुरतात. एका घरात डेंगी झाला तर अख्खी इमारत बागेच्या विरोधात जाईल, आणि त्यात तिचं काही चुकणार नाही.

मग काय लावायचं? ज्याची चव आणि सत्त्व वाहतुकीत सर्वांत लवकर जातं ते. पालक, कोथिंबीर, पुदिना, मेथी, कोवळी सॅलडची पानं. खुडलेला पालक साध्या तापमानात दोन-तीन दिवस राहिला तर त्यातलं क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात घटतं. तुमच्या गच्चीवरचा पालक खुडल्यापासून पातेल्यापर्यंत दहा मिनिटांत पोचतो. बटाटा, कांदा, कोबी शेतकऱ्याला पिकवू द्या. ते टिकतात, त्यांना जागा लागते, आणि शेतकरी ते आपल्यापेक्षा कितीतरी चांगले पिकवतो. मिरचीला दहा-बारा लिटरची कुंडी चालते, टोमॅटोला वीस लिटर द्या. चार लिटरच्या डब्यातला टोमॅटो फुलतो, पण दुपारी रोज मान टाकतो आणि फळं खालून काळी पडून सडतात. पाणी अनियमित मिळालं की मुळांना कॅल्शियम वर चढवता येत नाही, त्याचा हा परिणाम.

टोमॅटोवरून एक आठवण सांगतो. एका वसाहतीत रोपं जोमदार वाढली होती, फुलं लगडली होती आणि फळ एकही धरत नव्हतं. कुणी म्हणे खत कमी, कुणी म्हणे मधमाश्या नाहीत. तिथे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या रोज पहाटे गच्चीवरच्या तापमापकाचा आकडा आणि गळलेल्या फुलांची संख्या वहीत लिहायच्या. पाच आठवड्यांची वही मी चाळली आणि उत्तर मिळालं. ज्या रात्री तापमान पंचवीसच्या खाली उतरलं नव्हतं त्यांच्या पाठोपाठ फुलगळ व्हायची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत होता. आम्ही कुंड्या फरशीवरून उचलून लाकडी मांडणीवर घेतल्या, खाली ओलं गोणपाट टाकलं, दुपारची सावलीची जाळी लावली. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांच्या घोसामागे बोटाने टिचकी मारायची सवय लावली. टोमॅटोचं फूल स्वतःचेच पराग स्वतःवर झाडतं, त्याला फक्त हलवणारं कुणीतरी लागतं. वरच्या मजल्यांवर भुंगे येत नसतील तर ते काम आपलं. पंधरा दिवसांत हिरवे मणी दिसू लागले. शिक्षिकाबाईंची ती वही मी आजही प्रशिक्षणात दाखवतो.

फायद्यांपैकी जो मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यातच आहे. एकाच जिन्याने वर्षानुवर्षं वर-खाली करणारी माणसं पहिल्यांदा एकमेकांशी काहीतरी ठोस गोष्टीबद्दल बोलू लागतात. मुलांनी स्वतः तोडलेली शेंग ती जागच्या जागी खातात, ताटातली बाजूला सारणारी मुलंसुद्धा. गारव्याचं म्हणाल तर पानांतून आणि मातीतून एक लिटर पाणी उडून जाताना साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता शोषून नेतं. तो सगळा गारवा खालच्या खोलीत उतरत नाही, पण वाफ्यांखालचा स्लॅब आणि उघडा स्लॅब यांना भर दुपारी हात लावून बघा. आणि ओला कचरा कचराभूमीवर दडपला गेला की हवेअभावी त्यातून मिथेन निघतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या मापाने अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. तुमचे रोजचे पंधरा किलो तिकडे गेले नाहीत, तर तेवढं तरी टळलं.

मात्र 'घरची भाजी म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक' हे मी म्हणणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास युरोप आणि अमेरिकेतल्या ७३ शहरी शेतांवर होता. त्यात शहरी भाजीपाल्याचा एका वाढणीमागचा कार्बन ठसा (ती पिकवताना हवेत जाणारे हरितगृह वायू) नेहमीच्या शेतीच्या सरासरी सहापट निघाला. मला तो निकाल वाचून धक्का बसला होता, पण कारण वाचल्यावर पटलं. दोष भाजीचा नव्हता, सामानाचा होता: नवे वाफे, शेड, फरसबंदी, पाइप, आणि सगळं पाच वर्षांत मोडीत. तोच वाफा वीस वर्षं वापरला तर परिणाम जवळजवळ चौपटीने कमी होतो. त्यामुळे झगमगीत किट विकत घेऊ नका. इंजिनच्या तेलाचे, रंगाचे डबे नकोत, पण खाद्यपदार्थांचे पिंप, फळांचे क्रेट, पाडलेल्या बांधकामातल्या विटा उत्तम. जे बांधाल ते टिकेल असं बांधा.

बंद खोलीत दिव्यांखाली मजल्यावर मजले रचून केलेल्या शेतीबद्दलही तुम्ही विचारलंत. पाणी तिथे खरोखर फार कमी लागतं आणि कीडही कमी. पण जे ऊन फुकट मिळतं ते विजेने विकत घ्यावं लागतं. एक किलो सॅलडच्या पानांना दहा-पंधरा युनिट वीज लागणं नेहमीचं आहे. महागडी कोवळी पानं विकणाऱ्याला कदाचित परवडेल. तुमच्यासाठी नाही.

लोक सोडून का देतात, याचं उत्तर तिसऱ्या महिन्यात मिळतं. ४५ चौरस मीटरच्या बागेला आठवड्याला आठ-दहा तास मनुष्यश्रम लागतात: पाणी तपासणं, मावा आणि पिठ्या ढेकूण या किडी बघणं, कंपोस्ट हलवणं, रिकामी जागा पुन्हा पेरणं. पहिल्या महिन्यात वीस जण येतात, तिसऱ्यात दोघं उरतात आणि सहाव्यात ते दोघं चिडलेले असतात. म्हणून वाफे सगळ्यांचे न ठेवता प्रत्येक वाफ्याला नावानिशी जबाबदार घर ठेवा, कंपोस्टची आठवड्याची पाळी लावा, आणि सहा घरं तयार असतील तर सहा घरांपुरतंच सुरू करा. पीक कसं वाटायचं हे पहिलं पीक येण्याआधी ठरवा. भांडणं भाजी नसताना होत नाहीत, भाजी आल्यावर होतात.

दुसरं कारण जागेच्या हक्काचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जवळपास दोन कोटी घरगुती आणि सामुदायिक बागा होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीपाल्याचा सुमारे ४० टक्के वाटा त्यांतून येत असल्याचा अंदाज होता. युद्ध संपलं, सरकारचा पाठिंबा गेला आणि बहुतेक बागा मिटल्या. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर प्रशासनाने शंभराहून अधिक सामुदायिक बागांच्या जागा लिलावात काढल्या होत्या. वर्षानुवर्षं राडारोडा उपसून लोकांनी तिथली माती घडवली होती, आणि त्या बागा वाचल्या त्या संस्थांनी पैसे उभे करून विकत घेतल्या म्हणून. जर्मनीत मात्र अशा छोट्या बागांना १९८३ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे आणि तिथे आजही सुमारे नऊ लाख बागा नांदत आहेत. माती सुधारायला तीन वर्षं लागतात. अकरा महिन्यांच्या तोंडी परवानगीवर कुणी मनापासून कंपोस्ट घालत नाही. तुमच्या इमारतीच्या सर्वसाधारण सभेत निदान पाच वर्षांचा लेखी ठराव करून घ्या. गळती झाली तर खर्च कोण करेल, पाण्याचं बिल कसं विभागायचं आणि बाग बंद करायची झाली तर सामान कोण उतरवेल, हे त्यातच लिहा. वरच्या मजल्यावरच्या घरांची संमती वेगळी घ्या. भार त्यांच्या डोक्यावर असतो.

पहिल्या महिन्यात बी पेरू नका. एक आठवडा सोळाही घरांचा ओला कचरा वेगळा घेऊन काट्यावर तोला. उन्हाचे फोटो काढा. पट्टीतली माती तपासायला द्या. इंजिनिअरला बोलावा. दुसऱ्या महिन्यात कंपोस्टचे दोन कप्पे उभारा, एक भरत राहील आणि दुसरा मुरत राहील. खत मुरेपर्यंत सहा क्रेटमध्ये विकतच्या खतावर पालेभाजी लावा, म्हणजे महिन्याभरात प्रत्येक घरात एक जुडी जाईल आणि नाराज असलेल्यांपैकी काही जण वर बघायला येतील. इंजिनिअरचा अहवाल आला की त्यातला 'चौरस मीटरला किती किलो' हा आकडा आणि तुमच्या मिश्रणाच्या बादलीचं ओलं वजन, दोन्ही मला कळवा. वाफ्यांची खोली आणि कुठली कुंडी कुठल्या तुळईवर ठेवायची, ते त्यावरून मांडून देतो.